बीएचसी पावडरीचा माग

२ जुलै

आज दिवसभर अल्फा-एचसीएचचा, म्हणजे हेक्साक्लोरोसायक्लोहेक्सेन (एचसीएच) या कीटकनाशकातील एका घटकाचा, हिशोब मांडत होते. आपल्याकडे शेतकरी ज्या एचसीएचला बीएचसी पावडर म्हणत, तिच्यात निम्म्याहून अधिक वाटा या घटकाचा असे. कीड मारणारे लिंडेन त्या मानाने थोडेच. भारतात या पावडरीवर १९९७ साली बंदी आली, तरी तिचा माग काढण्याचे काम संपलेले नाही.

पर्यावरण-रसायनतज्ज्ञ डॉन मॅके यांनी १९७९ साली मांडलेली फ्युगॅसिटीची, म्हणजे पदार्थाच्या निसटू पाहण्याच्या दाबाची, रीत मला आजही सर्वांत प्रामाणिक वाटते. हवा, पाणी, माती आणि गाळ असे कप्पे धरायचे, प्रत्येकातील संहतीला त्या कप्प्याच्या धारणक्षमतेने भागायचे आणि पास्कलमध्ये आलेले आकडे शेजारी ठेवायचे; ज्याचा आकडा मोठा, तिथून पदार्थ बाहेर पडणार. हवेची धारणक्षमता वायूच्या नियमावरून कागदावरच काढता येते. मोठी मॉडेल्स हवीतच, पण हाताने पडताळता येणाऱ्या हिशोबात कोणते गृहीतक कुठे बसवले आहे ते लपून राहत नाही, आणि माझ्या लेखी हे फार मोलाचे आहे.

पाणी जितके थंड, तितकी त्याची धारणक्षमता वाढते. तमिळनाडूत वेल्लार नदीच्या खोऱ्यातील भातशेतात टाकलेले एचसीएच जवळजवळ सगळे हवेत गेल्याचे १९९१ साली प्रसिद्ध झाले. उष्ण प्रदेशांतून असे उडालेले रेणू वाऱ्याबरोबर उत्तरेकडे गेले आणि आर्क्टिकच्या गार पाण्यात मुरले. पुढे देशोदेशी वापर घटला, हवेतील आकडा उतरला, आणि १९९०च्या दशकाच्या आरंभी तेथील समुद्राच्या काही भागांत हवेतून पाण्याकडचा हा प्रवाह उलटून पाणीच हवेला अल्फा-एचसीएच परत देऊ लागले. याचा पुरावाही देखणा आहे. या संयुगाचे रेणू परस्परांच्या आरशातील प्रतिमा असलेल्या दोन रूपांत असतात आणि पावडरीत ती सारखीच असतात. पाण्यातील जिवाणू मात्र त्यांपैकी एक अधिक वेगाने संपवतात, त्यामुळे समुद्रावरच्या हवेत तेच बिघडलेले प्रमाण दिसले की रेणू पाण्यातूनच वर आले हे ओळखता येते.

आज हवेची संहती टप्प्याटप्प्याने उतरवत नेली, तेव्हा माझ्या मॉडेलमध्येही प्रवाहाचे चिन्ह, म्हणजे त्याची दिशा, बदलले. मात्र गोठणबिंदूजवळच्या पाण्यातील अर्धायुकाल (पदार्थ निम्मा उरायला लागणारा वेळ) मी उबदार प्रयोगशाळेतील आकड्यांवरून काढला आहे आणि त्यावर माझा पुरता विश्वास नाही. उद्या तो एकदा शक्य तितका लहान आणि एकदा शक्य तितका मोठा धरून, समुद्रातील साठा रिकामा होण्याचा काळ किती पुढे-मागे सरकतो ते पाहायचे आहे.