नांगर विकणारा सिनेटर

परवा ऑफिसात जेवताना एक जण म्हणाला, "एझ्रा कॉर्नेल म्हणजे जमिनींचा सटोडिया." कॉर्नेल विद्यापीठाच्या या संस्थापकाबद्दल, त्याच विद्यापीठाच्या गावात, न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकात राहून हे ऐकल्यावर मला गप्प बसवलं नाही.

हा माणूस १८२८ मध्ये सुतारकाम करत या गावात आला. गिरणी सांभाळली, मग पेटंट घेतलेले नांगर विकत मेन आणि जॉर्जियात फिरला. किर्लोस्करांचे नांगर विकणारे आपले कर्मवीर भाऊराव आठवले की नाही? त्या फिरतीतच कॉर्नेलला मोर्सच्या तारेचं, म्हणजे टेलिग्राफचं, काम मिळालं. तार पुरायला त्याने खास नांगर बनवला, पण जमिनीतली तार निकामी निघाली आणि ती खांबांवर चढवावी लागली. पुढे वेस्टर्न युनियन या तार कंपनीच्या शेअर्समधून पैसा आला.

१८६४ मध्ये तो न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटमध्ये गेला. विद्यापीठासाठी ५ लाख डॉलर आणि टेकडीवरचं स्वतःचं शेत द्यायला तयार होता. तरीही विधेयक अडलं! जेनेसी कॉलेज या राज्यातल्या दुसऱ्या एका कॉलेजला २५ हजार डॉलर दिल्याशिवाय आमदार ते पुढे सरकू देईनात. पदरचे पैसे दान करायचे आणि त्या दानाला परवानगी मिळावी म्हणून वर आणखी भरायचे, याची मला अजूनही चीड येते. त्याने तेही भरले. १८६५ च्या सनदेत कलम आलं: कोणत्याही पंथाचा किंवा कोणताच पंथ न मानणारा माणूस इथल्या सर्व पदांना सारखाच पात्र. त्या काळात हे लिहायला छाती लागते.

आपल्याकडे भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांसाठी मंगळसूत्र विकलं. तो त्याग मी याहून मोठाच मानेन; त्यांच्यामागे सरकारी जमीन नव्हती.

कॉर्नेलच्या मागे होती, आणि टीका तिथेच होते. कॉलेजं उभारायला राज्यांना सरकारी जमीन देणाऱ्या मोरिल कायद्याने न्यूयॉर्क राज्याला सुमारे ९ लाख ९० हजार एकरांची जमीनपत्रं मिळाली होती. राज्य ती मातीमोल विकत होतं. कॉर्नेलने बरीचशी स्वतः घेतली, विस्कॉन्सिनमधली पाइनची जंगलं निवडली आणि नफा विद्यापीठाला लिहून दिला. ही जमीन मुळात आदिवासींकडून घेतलेली होती, हा आक्षेप मला मान्य आहे, पण ते पाप सरकारचं. खिसे भरल्याचा आरोप मात्र साफ खोटा. जमिनींचे कर भरताना त्याची ओढाताण झाली, चौकशी मागे लागली. १८७४ मध्ये तो गेला तेव्हा खरी विक्री व्हायचीच होती. नंतर त्यातून सुमारे ५० लाख डॉलर आले, ते विद्यापीठाला.