जालें तुमचें?

"जालें तुमचें? म्हाका कपडे सुकत घालूंक जाय."

पणजीच्या फोंतेन्यास या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीत एका पिवळ्या भिंतीला टेकून मी तिसऱ्यांदा पोज देत होते. वरच्या बाल्कनीत एक आजी, हातात पिळलेल्या कपड्यांची बादली. रागावलेल्या नव्हत्या. फ्रेममध्ये आपला गाऊन येऊ नये म्हणून चक्क थांबल्या होत्या. स्वतःच्याच घरात!

मी "सॉरी हं आजी" पुटपुटले आणि बाजूला झाले. त्यांनी पहिला टॉवेल झटकला, दोन थेंब माझ्या चष्म्यावर. बरंच झालं.

मग दिसायला लागलं. कोपऱ्याकोपऱ्यावर फोटोवाले, एक प्री-वेडिंगवालं जोडपं, आणि एका दारावर पाटी: हे घर आहे, पायरीवर बसू नका. शिंपल्यांच्या तावदानांची एक खिडकी होती, तिच्या आत कुकरची शिट्टी झाली. निळ्या-पांढऱ्या आझुलेजु टाइल्सवर घराचा नंबर, खाली दुधाची पिशवी लटकवलेली. फोटो काढताना मी ती पिशवी क्रॉप केली होती, हे रात्री हॉटेलवर लक्षात आलं.

१८४३ मध्ये पणजी राजधानी झाली, १९६१ ला पोर्तुगीज गेले. आम्ही मात्र अजून 'युरोपात आल्यासारखं वाटतं' असं कॅप्शन टाकतो. मीही टाकलं होतं. आत्ता काढलंय.

तो तिसरा फोटो ठेवलाय. वरच्या कोपऱ्यात बादलीची कड दिसते.

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यासमोर कुणी असं उभं राहिलं असतं, तर आमची आजी कपडे घेऊन थांबली असती का हो?