बारावं घर

कालची पुट्टी नखाला कळते. वरून बोट फिरवलं तर भिंत सपाट लागते, पण जरा दाबलं की तेवढ्याच पट्ट्यात नख आत रुततं. मे महिन्यात मी नदीकडेच्या एका गल्लीत असं नख दाबून बघितलं. त्याला तीन आठवडे झाले, तरी ती भिंत डोक्यातून जात नाही.

मी कोल्हापुरातल्या एका ट्रस्टमध्ये काम करते. तालमी, महिला बचत गट, गल्लीतली मंडळं यांना आम्ही दहा ते पन्नास हजारांपर्यंत अनुदान देतो. बाहेरच्यांना वाटतं, पैसे वाटायचं काम म्हणजे आरामाचं. पण पन्नास लाखांना जेवढे कागद लागतात, तेवढेच बत्तीस हजारांना लागतात. ठराव, पॅन, पासबुकाची झेरॉक्स, संमतीपत्रं, पक्की बिलं आणि तीन दुकानांची तीन दरपत्रकं. ही तीन दरपत्रकं नऊ वर्षांत मी बहुतेक एकाच बॉलपेननं, एकाच अक्षरात लिहिलेली पाहिली आहेत. मंडळाच्या पोरांना विचारलं तर म्हणतात, "मॅडम, तिन्ही दुकानं मामाचीच हायत." मी काही बोलत नाही. मामाचं दुकान स्वस्त असेल तर माझी हरकत नसते. साऊंड सिस्टीमला 'सांस्कृतिक साहित्य' असं नाव देऊन पाठवतात तेव्हा मात्र फाईल उशीखाली घेऊन झोपावंसं वाटतं, म्हणजे ती पुढे तरी जाणार नाही.

या गल्लीतला बायकांचा गट वेगळा होता. त्यांच्या अर्जात 'प्रकल्पाचा उद्देश' या रकान्यात एवढंच लिहिलं होतं: 'आम्हाला बंधाऱ्याचे फूट कळत नाहीत. आमच्या पायरीचे सांगा.'

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. पावसाळ्यात या शहराचा रक्तदाब राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की प्रत्येक ग्रुपवर आकडे फिरायला लागतात: एक्केचाळीस, एक्केचाळीस फूट चार इंच, बेचाळीस. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. सुतारवाड्यात आणि जामदार क्लबकडे पाणी कधी शिरणार, हे इथल्या लोकांना तोंडपाठ आहे. पण त्रेचाळीस म्हणजे माझ्या घरात किती, हे कुणीच सांगत नाही. गटाच्या अध्यक्ष वैनी म्हणाल्या, "त्रेचाळीस म्हनल्यावर मी गादी वर टाकतो, शेजारीन म्हनती अजून लई येळ हाय. निम्म्या रात्री दोघीबी पान्यात." (आमच्याकडे बायकासुद्धा 'मी टाकतो', 'मी जातो' म्हणतात. पुण्याची माणसं हसतात. हसू देत.)

त्यांची कल्पना साधी होती. बारा घरांच्या भिंतींवर २०१९ आणि २०२१ च्या पाण्याची रेष मारायची आणि खाली पायऱ्यांशेजारी लिहायचं, की बंधाऱ्यावर अमुक फूट झाले की पाणी इथं.

या कामाचा मला अभिमान आहे, त्यामुळे जरा पाल्हाळ लावते. पहिल्यांदा मलाही वाटलं, मोजणीवाला बोलवू आणि बंधाऱ्याची उंची गल्लीत आणू. ते जमत नाही. बंधारा कसबा बावड्याकडे, नदीच्या खालच्या अंगाला. पुराच्या वाहत्या पाण्याला उतार असतो, तिथले ४३ फूट इथं त्याच उंचीवर भरत नाहीत. मग वैनींच्या नववीतल्या पोरीनं तोडगा काढला. गल्लीतले सगळे जुने मोबाईल गोळा केले. काचा फुटलेले, बॅटरी फुगलेले, एक तर रबरबँड लावून बंद केलेला. त्यांत पुराचे फोटो होते आणि प्रत्येक फोटोला तारीख आणि वेळ होती. त्याच वेळी ग्रुपवर आलेले बंधाऱ्याचे आकडेही त्याच मोबाईलांत होते. पोरीनं वहीत दोन रकाने आखले: पाणी कुठल्या पायरीला, आणि तेव्हा बंधाऱ्यावर किती. टाकीवर बसलेल्या मांजराच्या एका फोटोवरून आम्हाला एक अख्खा फूट सापडला.

२००५ ची रेषही मारा, असा म्हाताऱ्यांचा आग्रह होता. पण कुणाच्या आठवणीत ते पाणी कमरेला होतं, कुणाच्या गळ्याला. फोटो कुणाकडेच नाही. ती रेष वगळली. त्यावरून एक आजोबा अजून माझ्याशी बोलत नाहीत.

गल्लीत साचलेलं पाणी मात्र सपाट असतं. त्यामुळे एका घरावर खूण पक्की झाली की गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं तीच पातळी बाराही घरांवर नेता आली. पारदर्शक नळी, दोन टोकांना दोन माणसं, मधे "खाली, खाली, बास!" अशी आरडाओरड. तेव्हाच कळलं की गल्ली डोळ्यांना दिसते तेवढी सपाट नाही. तोंडाच्या घराला रेष खिडकीच्या खालच्या काठाशी आली, तर मधल्या खोलगट भागात आप्पांच्या घराला खिडकीच्या वरच्या छज्ज्याला टेकली. आप्पा खाली उभे राहून मान वर करून बघत होते. म्हणाले, "एवढं हुतं व्हय? तवा काय मोजायला येळ नव्हता."

रंगवायला एक जुने पेंटर होते. फ्लेक्स आल्यापासून दुकानांच्या पाट्या गेल्या, आता वर्षातून चार ट्रकांचे हूड आणि तालमीवरचा एखादा मारुती, एवढंच काम. ते म्हणाले, नुसता ऑइल पेंट मारला तर पुढच्या पुरात तो गाळाबरोबर निघून येईल. म्हणून आधी कटरनं अर्धा इंच चर मारून घेतला, त्यात प्राइमर, मग लाल. "रंग गेला तरी चर ऱ्हातो," म्हणाले. २०१९ चा आकडा त्यांनी इतका देखणा काढला की मी तिथं उभी राहून नऊच्या शेपटीकडे बघत बसले. कलापूर म्हणतात ते उगाच नाही.

आमच्या विश्वस्तांना प्रत्येक रेषेखाली 'सौजन्य' म्हणून ट्रस्टचं नाव हवं होतं. मी म्हटलं, पुराच्या रेषेखाली आपलं सौजन्य लिहिलं तर लोकांना वाटेल पाणी आपणच सोडलं. ते हसले नाहीत, पण विषय सोडला. माझ्या नोकरीतला हा सगळ्यात मोठा विजय असावा.

एकूण मंजुरी बत्तीस हजार. चोवीस आधी दिले, आठ हजार शेवटच्या पाहणीनंतर. ते आठ म्हणजे पेंटरची मजुरी.

पाहणीला गेले त्या दिवशी वळीव येणार असं वातावरण होतं, अंगाला शर्ट चिकटत होता. वैनी नेहमी गल्लीच्या तोंडाशी येतात, त्या दिवशी आल्या नाहीत. मी एकेक घर बघत, फोटो काढत गेले. अकरा झाली. आप्पांच्या घराला नवा क्रीम रंग. रेष नाही, पायरीशेजारचे आकडे नाहीत. मला वाटलं मीच घर चुकले. पायरीच्या बाजूनं बोट फिरवलं, मग नख दाबलं. चर तिथंच होता, पुट्टीच्या आत.

आप्पा दारात आले. दोन पुरांत संसार दोनदा वाहून गेलेला. २०२१ ला काकींना होडीतून काढलं, तेव्हापासून त्यांना पावसाचा आवाज आला की झोप लागत नाही. घर विकून पाचगावला वरच्या अंगाला दोन खोल्या घ्यायच्या, असं त्यांचं ठरलं होतं. मला हे माहीत नव्हतं. मी म्हटलं, "आप्पा, तुमची सही आहे संमतीपत्रावर." ते म्हणाले, "हाय की. मी कुठं न्हाई म्हनालोय? मी भिंत रंगीवली."

तेवढ्यात एजंटबरोबर एक जोडपं आलं. गडहिंग्लजकडचं, नवरा शिरोलीच्या एमआयडीसीत. बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी. ती गल्लीभर प्रत्येक भिंतीवरचा आकडा मोठ्यानं वाचत येत होती. दोन हजार एकोणीस, दोन हजार एकवीस, दोन हजार एकोणीस. आप्पांच्या घराशी आली आणि गप्प झाली. वाचायला काही नव्हतं.

बाई गल्लीकडे वळून बघत नवऱ्याला म्हणाली, "बघा, सगळ्यांच्या घरांत पाणी गेलंय. हे एक उंचावर दिसतंय."

एजंट म्हणाला, "व्हय, जरा उंचवटा हाय हितं."

मी आयुष्यात लाभार्थ्यांची खोटी बिलं पकडली आहेत, सरपंचांशी वाद घातले आहेत. माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. बाराही घरं कोरी असती, तर त्या बाईनं कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारलं असतं आणि त्यानं सांगितलं असतं, इथं कोण लपवतंय. आम्ही अकरा भिंतींवर खरं लिहिलं, म्हणून बारावी भिंत न बोलता खोटं बोलत होती. आणि तिचं ते खोटं आमच्या अकरा रेषांमुळेच पटण्यासारखं झालं होतं. गल्लीतलं सगळ्यात खोलगट घर, आणि तेच उंचवट्यावरचं दिसत होतं.

वैनी समोरच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. सगळी गल्ली दारात होती. कुणी काही बोललं नाही. काकी आत पलंगावर बसलेल्या दिसत होत्या.

त्या बाईनं माझ्या हातातली फाईल बघून विचारलं, "मॅडम, तुम्ही कशाचा सर्व्हे करताय?"

मी म्हटलं, "गटाचे हिशोब बघायला आलेय."

ते खोटं नव्हतं.

नंतर वैनी मला घरात घेऊन गेल्या, चहा ठेवला. म्हणाल्या, "आम्ही आप्पाला सांगून बघितलं ओ. पर तुमीच सांगा, काकीला हितंच ऱ्हाऊ द्यायचं?" मी चहा घेतला. दुधावर साय आली होती, ती काठाला ढकलत बसले.

ऑफिसात आल्यावर अकाउंट्सवाला म्हणाला, "गेल्या महिन्यातल्या फोटोत बारा रेषा आहेत ना, लोकेशनसकट? मग बारा लिहा, विषय संपला." त्याच्या दृष्टीनं भिंत म्हणजे फोटो. आमच्या नव्या सॉफ्टवेअरचंही तेच. कामाच्या स्थितीला तीनच पर्याय: पूर्ण, अंशतः, अपूर्ण. 'पूर्ण होतं, मग बुजवलं' याला जागा नाही. मी 'अंशतः' निवडलं. निवडताक्षणी शेवटचा हप्ता आपोआप अडकला. शिक्षा मला आप्पांना करायची होती की स्वतःला, हे ठरायच्या आत ती पेंटरला झाली.

माझा चुलतभाऊ वकील आहे. तो म्हणाला, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे घेणाऱ्याला सहज न दिसणारा मोठा दोष सांगायची जबाबदारी विकणाऱ्याची. तुझी नाही. शिवाय पूररेषांचे नकाशे असतात, निळी रेषा, लाल रेषा, घेणाऱ्यानं बघावेत. त्याचं बरोबर असेल. पण नकाशा बघायला कोण जातं? त्या बाईनं भिंती बघितल्या. भिंती वाचून घर निवडावं, म्हणूनच तर आम्ही त्या रंगवल्या होत्या. वर मीच अर्जात 'अप्रत्यक्ष लाभार्थी' म्हणून 'गल्लीत नव्याने येणारी कुटुंबे' असं लिहून दिलं होतं. विश्वस्तांना ते वाक्य आवडलं होतं.

जून लागला. परवा वैनींचा फोन आला, घराचा इसार झाला. आप्पा पेढे घेऊन आले होते, वैनींनी घेतले. मी विचारलं, त्या लोकांना कुणी काही बोललं का. वैनी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ती पोरगी लई ग्वाड हाय ओ."

काल पेंटरनी फोन केला. मला वाटलं मजुरीसाठी असेल, मी आधीच सारवासारव करायला लागले. ते म्हणाले, "ते आठ हजाराचं बगू सावकाश. मी काय म्हनतो, लाल थोडा शिल्लक हाय माझ्याकडं. चर हाय तितंच. रातच्याला जाऊन पुट्टी खरवडून देऊ का?"

मी म्हटलं, थांबा जरा.

"बरं," म्हणाले. "पर पावसाच्या आत सांगा. ओल्या भिंतीवर बसत न्हाई."