कार्ड गेलं नाही, कडी लागलीय

"कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं, सगळं झकास चाललंय, पण आवाजच येत नाही. साउंड कार्ड गेलं का?" आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: कार्ड बहुतेक वेळा ठणठणीत असतं. आवाज भलत्याच दारातून बाहेर पडत असतो, नाहीतर दाराला कडी असते.

गेल्या महिन्यात राजारामपुरीत ताईकडे गेलो होतो. भाच्याचं मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) दोनदा पुसून परत टाकून झालं होतं, तिसऱ्यांदा पेनड्राइव्ह लावत होता. म्हटलं, जरा दम खा की!

टर्मिनलात, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, 'एप्ले -एल' (aplay -l) दिलं. यादीत एचडीएमआय (मॉनिटरच्या केबलची वाट) आणि अ‍ॅनालॉग (स्पीकर-हेडफोनची वाट), दोन्ही आले. म्हणजे कार्ड दिसतंय. (यादीच रिकामी असती तर गोष्ट वेगळी. बऱ्याच नव्या इंटेल लॅपटॉपना सोफ नावाचं फर्मवेअर, म्हणजे साउंडच्या चिपमध्ये चालणारं सॉफ्टवेअर, लागतं. ते नसलं की सेटिंगमध्ये नुसतं 'डमी आउटपुट' दिसतं.) इथं आवाज केबलमधून मॉनिटरकडे चालला होता, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत! साउंड सेटिंगमध्ये आउटपुट बदललं. तरी शांतता.

"मामा, आता?"

आता खालचा मजला. कर्नलमधलं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातलं, अल्सा थेट कार्डाशी बोलतं. कुठल्या प्रोग्रामचा आवाज कुठं पाठवायचा, हे त्याच्या वर बसलेलं पाइपवायर बघतं. मिंटमध्ये २०२४ च्या २२ व्या आवृत्तीपासून तेच आहे, आधी पल्सऑडिओ होतं. म्हणून जुने सल्ले डोळे झाकून टर्मिनलात ओतू नका. मी एकदा ओतलेत, रविवार गेला.

टर्मिनलातच 'अल्सामिक्सर' (alsamixer) उघडलं. काळ्या पडद्यावर उभ्या पट्ट्या. एफ६ दाबून खरं कार्ड निवडायचं, हे निम्मे लोक विसरतात. मास्टर उघडा, हेडफोन उघडा, आणि स्पीकरच्या पट्टीखाली 'एमएम', म्हणजे आवाज बंद. हीच ती कडी. बाणाने त्या पट्टीवर जाऊन एम दाबला, तिथं शून्यं आली. वरच्या बाणाने पट्टी चढवली.

मग 'स्पीकर-टेस्ट -सी २' (speaker-test -c 2). त्यात गाणं वाजत नाही, नुसतीच फसफस येते: आधी डावीकडून, मग उजवीकडून. ती सुरू झाली आणि स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "पाणी आलं काय रं नळाला?"