अर्केल मटार: पहिली तोडणी आणि हिरव्या वाटणाची उसळ

ग्रो बॅगमधल्या अर्केलची, म्हणजे मटाराच्या एका बुटक्या वाणाची, पहिली तोडणी झाली. पेरणी दिवाळीनंतरची. पुण्याकडे ऑक्टोबरचं ऊन उतरल्याशिवाय मटार लावायची घाई करूच नये, कारण फुलोऱ्यात पारा तिशीपार गेला की फुलं गळतात आणि शेंगा पोचट राहतात.

बी रात्रभर भिजवून अडीच-तीन सेंमी खोल, चार बोटं अंतरावर थेट टोकलं. रोपं करून लावली तर मुळं दुखावतात. भिजवलेल्या बियांना वाटाण्याचं रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र झाडाला देणारे जिवाणू) चोळलं. सोयाबीनचं पाकीट इथे चालत नाही. एक रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडून बघितली. आत गुलाबी, म्हणजे नत्राचं काम चालू. म्हणूनच युरिया अजिबात नको, त्याने नुसता पाला माजतो. अर्केल बुटका असला तरी शेंगा लागल्या की लवंडतो, त्याला तुराट्यांचा आधार पुरतो.

आता खालच्या पानांवर भुरी, म्हणजे पांढऱ्या पावडरीसारखी बुरशी, दिसतेय. दिवसा कोरडी हवा आणि रात्री गारवा असला की ती येतेच. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी, तेही भरलेल्या शेंगा काढून घेतल्यावरच. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात.

तोडताना एका हाताने वेल धरायचा, नाहीतर फांदीच हातात येते. शेंग टपोरी आणि तुकतुकीत हवी. साल निस्तेज होऊन जाळी दिसू लागली की दाण्यातल्या साखरेचा स्टार्च झालेला असतो. तोडल्यावरही हा बदल थांबत नाही, त्यामुळे शेंगा त्याच दिवशी सोलून शिजवाव्यात.

दोन वाट्या दाण्यांना अर्धी वाटी ओलं खोबरं, मूठभर कोथिंबीर, तीन हिरव्या मिरच्या, इंचभर आलं आणि अर्धा चमचा जिरं बारीक वाटून घ्यायचं. तेलात मोहरी-हिंगाची फोडणी, हळद नाही. दाणे परतून वाटीभर गरम पाणी, मीठ, आणि झाकण न ठेवता पाच-सहा मिनिटं. झाकलं की वाफेतलं आम्ल आतच राहतं आणि हिरवा रंग मळकट होतो. सोडा घातला तर रंग टिकतो, पण दाण्याचा लगदा होतो. वाटण शेवटी घालून दोनच उकळ्या काढायच्या. लिंबू ताटात पिळावं, कढईत नाही. कोवळ्या अर्केलला साखर लागत नाही. जून दाणे उसळीत न घालता भरड वाटून करंजीच्या सारणाला ठेवावेत.

शेवटची तोडणी झाली की झाडं उपटायची नाहीत. बुंध्याशी कापून मुळं मातीतच कुजू द्यायची आणि त्याच बॅगेत मेथी पेरायची.