न खाणाऱ्यालाही खवखवतं

मी मानसशास्त्र शिकवते हे कळलं, की ओळख होऊन दहा मिनिटं झालेली नसतात आणि प्रश्न येतो, "ते खोटं पकडणारं मशीन खरंच खोटं पकडतं का हो?" विचारणाऱ्याचा एक डोळा बहुतेकदा शेजारी बसलेल्या जोडीदारावर असतो.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही पकडत. ते घाम पकडतं, श्वास पकडतं, नाडी आणि रक्तदाब पकडतं. खोटं बोलताना माणसाच्या शरीरात जे होतं आणि इतर कशानेच होत नाही, असं काही अजून कोणाला सापडलेलं नाही. 'खाई त्याला खवखवे' एवढ्याच भरवशावर हे यंत्र उभं आहे.

एका प्रशिक्षणात मी स्वतः त्या खुर्चीत बसले होते. छातीला आणि पोटाला नळ्या, दंडाला पट्टा, दोन बोटांना धातूच्या पट्ट्या. आम्हा सहा जणांना पाकिटं वाटली होती आणि एकातच नोट होती. माझं रिकामं निघालं. "नोट तुम्ही घेतलीत का?" मी म्हटलं, "नाही." खरं तेच. पण आधीची पाच मिनिटं डोक्यात एकच, आता माझी रेघ वर जाणार. गेली! परीक्षकांनी मला चोर ठरवलं आणि सगळे मनापासून हसले.

परीक्षक म्हणतील, आम्ही नुसती उसळी बघत नाही, तुलना करतो. ते खरं आहे. मुद्द्याच्या प्रश्नांच्या मध्ये ते "कधी कोणाचा विश्वास मोडलात का?" असले मोघम प्रश्न पेरतात. निर्दोष माणूस या प्रश्नांना जास्त दचकेल आणि गुन्हेगार मुद्द्याच्या प्रश्नाला, असा हिशोब. आता तुम्हीच सांगा, तुमच्यावर खुनाचा संशय असेल, तर तुम्ही कुठल्या प्रश्नाला दचकाल?

त्यात एक गंमत आहे. हे सगळं चालायला समोरच्याचा मशीनवर विश्वास हवा. म्हणून सुरुवातीला कधी कधी पत्त्यांचा खेळ होतो. एक पत्ता काढा, प्रत्येक वेळी 'नाही' म्हणा, मशीन तुमचा पत्ता ओळखेल. ते ओळखतंही, कारण काही वेळा पत्त्यांवर खुणा केलेल्या असतात. म्हणजे सत्यशोधनाचा श्रीगणेशाच थापेने. अशा भीतीपोटी माणसं कबुली देऊन मोकळी होतात, हे मी नाकारत नाही. पण मग कबुली भीतीने मिळाली, मशीनने काय केलं?

सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स सोव्हिएत संघाला गुपितं विकत होता. त्या काळात, १९८६ आणि १९९१ मध्ये, तो दोन्ही चाचण्या पास झाला आणि पकडला गेला थेट १९९४ मध्ये. त्याच्या रशियन मालकांचा सल्ला काय होता? रात्री नीट झोप काढ आणि परीक्षकाशी गोडीने वाग.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ च्या अहवालात एक हिशोब मांडला होता. समजा दहा हजार कर्मचारी आहेत आणि त्यांत दहा हेर. दहांतले आठ सापडतील इतकी कडक चाळणी लावली, तर त्या आठांबरोबर सुमारे सोळाशे निर्दोष माणसंही जाळ्यात येतात. तेही चाचणीची अचूकता बरीच चांगली धरून! त्या सोळाशेंपैकी एकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा, मला तर आपसूकच ठेवता येतं.

फक्त गुन्हेगारालाच ठाऊक असेल असा तपशील इतर चार पर्यायांत मिसळून विचारायची एक पद्धत आहे. तिचा पाया पुष्कळ बरा आहे. पण तपशील आधीच बाहेर फुटला, की तीही संपली.

आणि हो, त्या दिवशी नोट खरोखर जिच्याकडे होती, तिची रेघ शेवटपर्यंत सपाट होती. कसं जमवलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "अगं, जेवण जड झालं होतं, मला झोप येत होती."