चार तारा उतरवून ठेवल्या

गाण्याच्या क्लासमधल्या माझ्या शेवटच्या दिवशी नवी बंदिश, म्हणजे रागात बांधलेली नवी रचना, सांगायची नाही, हे माझं आधीच ठरलं होतं. घाईघाईत दिलेली बंदिश मुलं पाठ करतात, पण गात नाहीत. त्याऐवजी मुलं यायच्या आधी मी तंबोऱ्याच्या चारही तारा सुरातून उतरवून ठेवल्या.

महिनाभर आधी सगळ्यांना सांगितलं होतं की मी पुढची तालीम घ्यायला गुरूंकडे राहायला जाते आहे आणि क्लास दुसऱ्या बाई पुढे चालवतील. मोठ्यांनी कारण विचारलं, ते मी मोकळेपणाने सांगितलं. गाण्यातली विशारद परीक्षा झाल्यावर मी शिकवायला लागले, आणि शिकवता शिकवता माझ्याजवळचं काय कुठवर पुरतं ते मला स्पष्ट दिसायला लागलं. छोटा ख्याल, ताना, सरगम इथवर मी निर्धास्त असते. विलंबित एकतालाची गोष्ट वेगळी. मात्रा बाराच, पण लय इतकी संथ की एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, मिनिटभर चालू शकतं. त्या मिनिटात एकेका स्वराभोवती बढत करत, म्हणजे राग हळूहळू उलगडत, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर यायचं, तेही आधी केलेलं पुन्हा न करता. हे पुस्तकातून येत नाही. समोर बसून, गुरूंनी अडवल्यावर तिथेच थांबून, पुन्हा गाऊनच येतं. विशारदच्या पुढची अलंकारची परीक्षा नंतर कधीही देता येईल. तालमीची संधी मात्र आत्ताच होती, गुरूंचा गळा आणि माझी मोकळीक दोन्ही असताना.

लहानांच्या बॅचमधल्या एका मुलीने मात्र कारण विचारलंच नाही. तिचा प्रश्न होता, ‘ताई, मग आमचा सूर बरोबर लागलाय की नाही हे कोण सांगणार?’ नव्या बाई सांगतील, असं म्हणून मला मोकळं होता आलं असतं. पण बाई आठवड्यातून दोनदा भेटणार. उरलेल्या दिवशी ती घरी एकटीच रियाज करणार. महिनाभर हा प्रश्न माझ्या डोक्यात होता, आणि त्या दिवशी तारा उतरवल्या त्या यासाठीच.

सगळ्या बॅचेस एकत्र बसल्या. प्रारंभिक या पहिल्या परीक्षेची चिल्लीपिल्ली पुढे, मधल्या टप्प्यावरच्या मध्यमा परीक्षेच्या मुली मागे, आणि निवृत्तीनंतर गाणं शिकायला आलेले काका भिंतीला टेकून. एकीने सवयीने तंबोरा छेडला आणि हात मागे घेतला. आजवर ही मुलं यायची तेव्हा तंबोरा लावलेलाच असायचा. घरी तर फोनमधला तंबोरा, तो बिचारा कधी उतरतच नाही. सोय मोठी आहे, मीही वापरते. पण त्याच्यासोबत वर्षानुवर्षं गाऊनही तार जुळली की नाही हे ओळखणारा कान तयार होत नाही, कारण ते काम त्याला कुणी देतच नाही.

मध्यमाच्या मोठ्या मुलीला पुढे बसवलं. पेटीवर काळी चारचा, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीचा सा दिला आणि जोडीची, म्हणजे मधल्या दोन सारख्या तारांमधली, पहिली तार त्याला मिळवायला सांगितली. ती जमली. खरी गंमत दुसऱ्या तारेपाशी सुरू झाली. दोन तारा जवळजवळ सारख्या असल्या, तरी पुरत्या सारख्या नसल्या, की आवाजात लाटा उठतात. फरक जास्त असेल तर लाटा भराभर येतात, आणि तारा जवळ येतील तशा त्या मंदावतात. मी सगळ्यांना डोळे मिटून लाटा बोटांवर मोजायला सांगितल्या. खुंटी किंचित पिळली की बोटं भराभर चालायची, उलटी फिरवली की सावकाश. मग तिने खुंटी सोडून तारेतला, बारीक फरकासाठीचा मणी अगदी केसभर सरकवला. पुढच्या ओळीतल्या सगळ्यांची बोटं एकदम थांबली. मी काहीच बोलले नाही. तार जुळली हे त्यांनीच एकमेकांना सांगितलं.

खर्ज, म्हणजे खालच्या सा ची तार, लावायला वेळ लागला. जाड तार, तिचं चढणं-उतरणं नवख्या कानाला चटकन कळत नाही. पंचम त्यामानाने लवकर जमला. मग तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरचा, जवारीचा दोरा मी जरासा सरकवला आणि तंबोरा बोलायला लागला.

मी म्हटलं, ‘आता या तारांमध्ये गंधार, म्हणजे ग, शोधा.’

मुलं गोंधळली. तारा सा आणि प च्या, गंधार आला कुठून? पण खर्जाच्या तारेतून, ती नीट लागली असेल तर, गंधार आपोआप ऐकू येतो. त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. पहिल्यांदा तो काकांना ऐकू आला. ते एकदम सरळ बसले आणि हात वर करून म्हणाले, ‘आहे, वर तरंगतोय!’ मग मध्यमाच्या मुलींना, आणि सगळ्यात शेवटी प्रश्न विचारणाऱ्या त्या छोटीला. तिला ऐकू येईपर्यंत मी पुढे गेले नाही. वेळ गेला, पण त्या दिवशी वेळ त्यासाठीच होता.

मग पेटीवरचा गंधार वाजवून दाखवला. पेटीच्या पट्ट्या सहसा समान अंतरांवर लावलेल्या असतात, त्यामुळे तिचा गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा थोडा चढा असतो. दोन्ही लागोपाठ ऐकवले तर फरक लहान मुलांनाही कळतो. भूप आम्ही सगळ्यांनी केलेला राग, त्याचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधारच. म्हणून पेटी बंद केली आणि नुसत्या तंबोऱ्यावर भूप गायलो. आधी सावकाश आरोह-अवरोह, मग एकेकाने फक्त गंधारावर थांबायचं. छोटी थांबली, किंचित चढी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तंबोऱ्याकडे बोट दाखवलं. ती ऐकत राहिली, आवाज हळूच खाली आणला आणि तिथेच ठेवला. माझी मान आपोआप हलली, पण तोवर ती माझ्याकडे बघत नव्हती.

मध्यंतरात आवाज फुटत असलेला आमचा एक मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘ताई, मी तुम्ही परत येईपर्यंत गाणं बंद ठेवतो.’ दोन वर्षांपूर्वी काळी पाचमध्ये मोकळा गाणारा हा मुलगा आता सगळ्यांसमोर तोंड उघडत नव्हता. या वयात मुलग्यांचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज साधारण एका सप्तकाने खाली जातो. ते होत असताना तो मध्येच चिरकतो, आणि त्यात गाणाऱ्याचा काही दोष नसतो. मी त्याला बजावून सांगितलं की वरचा सा ताणून काढायचा नाही आणि जुन्या पट्टीचा हट्ट धरायचा नाही. काळी एकच्या आसपास सा धरून बघायचा, मंद्रातले, म्हणजे खालच्या सप्तकातले, स्वर हलक्या आवाजात लावायचे आणि घसा दुखला की थांबायचं. आणि ज्या दिवशी गळा साथ देणार नाही, त्या दिवशी हातावर ताल धरून ठेका म्हणायचा, ऐकायचं. बंद मात्र करायचं नाही. त्याने हे वहीत लिहून घेतलं. मग मी त्याला तीन-चार स्वरांची जुनी हरकत मंद्रात म्हणायला लावली. आवाज जाड होता, अनोळखी होता, पण सुरात होता. हे मी त्याला दोनदा सांगितलं, कारण एकदा सांगून त्याला पटलं नसतं.

शेवटी नव्या बाई आल्या. त्यांच्यासाठी मी एक वही लिहिली होती. प्रत्येकाचं पान वेगळं: कुणाची पट्टी काळी चार पण थकली की पांढरी पाच, कुणाचा तीव्र मध्यम पंचमाकडे सरकतो, कुणाला समेची घाई होते, कुणाला सगळ्यांसमोर चूक दाखवलेली सोसत नाही. बाई दुसऱ्या घराण्याच्या. त्या बढत वेगळ्या क्रमाने करतील, ताना वेगळ्या बांधतील. मुलांना मी सांगून ठेवलं होतं की माझं आणि त्यांचं जुळलं नाही तर कुणीतरी चुकतंय असं समजायचं नाही. त्यांच्याजवळ जे आहे ते सगळं घ्यायचं.

बाईंनी तिथेच उभ्या उभ्या दोन-तीन पानं वाचली आणि विचारलं, ‘तंबोरा लावून ठेवायला मला किती लवकर यावं लागेल?’

‘तुम्ही वेळेवर या,’ मध्यमाची मुलगी म्हणाली, ‘तंबोरा आम्ही लावू.’